वाचकांचे प्रश्न : देवमासे खऱ्या मापात कसे आखावेत?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मैदानावर फक्कीने देवमासे खऱ्या आकारात आखायचे आहेत. निळ्या देवमाशाची लांबी एका पुस्तकात 24 मीटर, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 33 दिली आहे. कोणती धरावी?
— एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : 33 मीटर हा शिकारीच्या जुन्या नोंदींमधला आकडा आहे, तो सोडा. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे साधारण 24 मीटरच्या आत असतात, अंटार्क्टिककडचे त्याहून मोठे. तुम्ही अंटार्क्टिकची पूर्ण वाढलेली मादी घ्या आणि 26 मीटर धरा. निळ्या देवमाशांत मादीच नरापेक्षा मोठी असते. स्पर्म व्हेलचं मात्र उलट : नर 16 मीटर, मादी जेमतेम 11. म्हणून प्रत्येक आकृतीजवळ नर की मादी हे लिहाच.

लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. पाठीच्या बाकावरून टेप फिरवला की आकडा फुगतो. किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांच्या मापात ही चूक हमखास होते.

आखताना दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून मध्यरेषा घ्या, तिचे दहा भाग करा आणि प्रत्येक खुणेवर दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी रुंदी टाका. वरून पाहिलं तर निळा देवमासा सडपातळ दिसतो. मध्याच्या थोडं अलीकडे त्याची रुंदी लांबीच्या साधारण आठवा भाग, म्हणजे सव्वातीन मीटर ठेवा. शेपटीचा पसारा लांबीच्या पावपट, साडेसहा मीटर. ही शेपटी आडवी असते. मुलं माशासारखी उभी समजतात, मग आकृतीत ती नुसती रेघ होते. पाठीवरचं पर अगदी छोटं, तोंडापासून पाऊण लांबीच्या आसपास काढा.

बास्केटबॉलच्या कोर्टात, 28 मीटरमध्ये, ही मादी बसते. बाकीचे शेजारी आखा : फिन व्हेल 20 मीटर, राइट व्हेल 15, हंपबॅक 14, मिंकी 8 आणि बटू स्पर्म व्हेल (ही वेगळी, छोटी जात) अडीच. हंपबॅकचे पुढचे पर लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश असतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार मीटर जागा आधीच सोडा, नाहीतर ते शेजारच्या आकृतीत शिरतात. स्पर्म व्हेलचं डोकंच एक तृतीयांश.

राइट व्हेल आम्ही मुद्दाम सुचवतो आहोत. त्याची रुंदी लांबीच्या पाचव्या भागाइतकी असते. त्यामुळे 15 मीटरचा असूनही तो वजनात 20 मीटरच्या फिन व्हेलची बरोबरी करू शकतो. नुसत्या लांबीच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या तर हे कळतच नाही. त्याच घडणीचा प्राणी दुप्पट लांब झाला की वजन आठपट होतं. लांबीत दहा टक्के चूक झाली तर वजनात तेहेतीस टक्के होते. वजनाचे आकडे पुस्तकागणिक बदलतात त्याचं हे एक मोठं कारण. निळ्या मादीसाठी 100 ते 120 टन लिहा, एकच आकडा लिहू नका.

फक्की टाकण्याआधी जमीन हलकी शिंपून घ्या, कोरड्या मातीवर वाऱ्याने रेषा पसरते.

प्रश्न : व्हेल शार्कही यात घ्यावा का?
— नववीतला विद्यार्थी, सीताबर्डी

उत्तर : घ्या, पण वेगळ्या रंगात. तो मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्याची शेपटी उभी असते. म्हणून वरून आखताना शेपटीच्या जागी अरुंद पट्टीच येईल. 12 मीटर धरलेत तर चालेल.