वडिलांचा मृत्यू आणि थांबलेली वाटणी

प्रश्न : वाशीतील आमच्या बंगल्यात वडील जिन्याखाली मृतावस्थेत आढळले. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने) तपासणीसाठी राखून ठेवला आहे. धाकट्या भावावर संशय घेऊन थोरले बंधू वाटणीची घाई करत आहेत. मी काय करावे?

उत्तर : ताई, अहवाल येईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नका. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 25 नुसार खून करणारी किंवा त्यास साहाय्य करणारी व्यक्ती मृताच्या मालमत्तेची वारस होऊ शकत नाही. मात्र तो आरोप न्यायालयात पुराव्यानेच सिद्ध व्हावा लागतो. वडिलांचा मोबाइल, चष्मा आणि गोळ्यांची डबी (कप्पेसुद्धा न उघडता) पोलिसांकडून पंचनामा करून घेऊन त्यांच्याकडे द्या. आईला मात्र, कळकळीने सांगतो, कोणत्याही मुलाची बाजू घ्यायला लावू नका.