सावरकरांबद्दल अगदी रत्नागिरीतसुद्धा एवढी टोकाची मतं का आहेत?

कारण माणूस एकच, पण प्रत्येकजण त्याचा आपल्या सोयीचा काळ उचलतो. एक गट अंदमान धरून बसतो, दुसरा माफीचे अर्ज, आणि १९२४ ते १९३७ ही रत्नागिरीतली स्थानबद्धतेची वर्षं दोघंही बहुतेक गाळूनच टाकतात. जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही या अटींवर सुटलेला माणूस इथे अस्पृश्यता मोडायच्या मागे लागला, सहभोजनं केली, शाळेत सगळ्या जातींची पोरं एकत्र बसवायला लावली, मग १९३१ ला सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर, आणि त्याचा खर्च दानशूर व्यापारी भागोजीशेठ कीरांनी केला (हे नाव मात्र कोणी पटकन घेत नाही, याचा मला जाम राग येतो). गाय उपयुक्त पशू आहे, देव नाही असं लिहिणारे पण हेच, ते आजच्या बऱ्याच चाहत्यांना अडचणीचं जातं. पण माफीचे अर्ज म्हणजे सुटकेसाठीचा निव्वळ डावपेच होता हे चाहत्यांचं म्हणणं मला तरी पुरतं पटत नाही, आणि गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ ला निर्दोष सुटले तरी नंतर हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या अहवालाने त्यांच्याकडे बोट दाखवल्यामुळे तो विषय काही मिटला नाही. मुसलमानांबद्दलचं लिखाण तर मला अजिबात झेपत नाही.