आधी गिऱ्हाईक, मग परदेशातली कंपनी

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. अथणीच्या कोल्हापुरी चपला जर्मनीला पाठवायच्या आणि त्यासाठी आधी दुबईत कंपनी काढायची असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय, आणि तू त्याला पैसे द्यायच्या बेतात आहेस. थांब जरा. चपला पाठव, नक्की पाठव, पण कंपनीचं एवढ्यात नको.

अगं, सीमा ओलांडून धंदा करणं आपल्याकडं कुणाला नवीन आहे? जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याच्याआधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातनं कोल्हापूरला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पाठवायचं तर कोगनोळी नाक्यावर कागदं दाखवायची, परत सी फॉर्मसाठी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लागावा म्हणून घ्यायच्या कागदासाठी, तिकडच्या पार्टीच्या मागं महिनोनमहिने लागायचं, आणि रस्ता किती, तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्या नाक्यानंच मला शिकवलं की गाडी सुटायच्या आधी कागद पक्का पाहिजे आणि पलीकडं फोन उचलणारा माणूस पाहिजे.

तरीपण मी फसलो. २००८ च्या मंदीत युरोपातल्या एका पार्टीला ॲडव्हान्स न घेता, नव्वद दिवसांच्या उधारीवर माल पाठवला आणि पार्टीनं फोन घ्यायचंच सोडलं, माल तिकडं पोर्टवर पडून, भाडं रोज चढतंय, शेवटी मिळेल त्या भावाला विकला आणि दोन वर्षं कामगारांचा बोनस अर्धा दिला, ते अजून मनाला लागतंय. परदेशी गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर विमा देणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून आहे, मी तेव्हा विचारलंच नव्हतं. तू विचार. पण मालाच्या दर्जावरनं भांडण झालं तर सहसा तो विमा कामाला येत न्हाई, म्हणून मंजूर झालेल्या सॅम्पलची एक जोडी सहीसकट तुझ्या कपाटात पाहिजे.

आता चपलांचं. युरोपात चामड्यात क्रोमियम सहा, म्हणजे क्रोमचं घातक रूप, हे किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतंय, २०१५ पासून. आपलं चामडं बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेलं, क्रोम वापरतच न्हाईत, ही तुझी मोठी ताकद आहे, पण तोंडी सांगून तिकडं कोण ऐकणार, लॅबचा रिपोर्ट लागतोय. आणि पट्ट्याला किंवा गोंड्याला बाहेरनं रंगवलेलं चामडं आणत असाल तर त्याचीपण टेस्ट कर. पावसाळ्यात माल गेला की बुरशी येते, म्हणून लोक डब्यात कसल्याही पुड्या टाकतात, त्यातल्या डीएमएफ या बुरशीनाशकाच्या पुड्यांना युरोपात बंदी आहे, साधी सिलिका जेल टाक आणि चप्पल पूर्ण वाळल्याशिवाय डबा बंद करू नको. साईज तर आधीच ठरव, आपले नंबर आणि त्यांचे नंबर वेगळे, युरोपियन नंबर दोन तृतीयांश सेंटीमीटरनं वाढतो, तेव्हा प्रत्येक नंबरासमोर पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून दे.

कोल्हापुरी नावाला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव वापरायचा कायदेशीर हक्क, मिळालाय आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यात आहे. बाबांचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदव. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं अशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नावसुद्धा घेतलं न्हाई, तेव्हा किती ओरड झाली ते तू बघितलंसच.

बाकी कागदं अवघड न्हाईत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, ऑनलाईन ५०० रुपयांत निघतोय, बँकेकडनं कस्टमला द्यायचा एडी कोड, जीएसटी न भरता निर्यात करायला एलयूटी हे हमीपत्र. पहिली पार्सलं डाकघर निर्यात केंद्रातनं जाऊ देत. आणि थेट घरोघरच्या गिऱ्हाइकांना आत्ताच विकू नको, तिकडं ऑनलाईन घेतलेला माल चौदा दिवसांत परत करायचा हक्क असतोय, परत आलेल्या जोड्या सांभाळणं तुला झेपणार न्हाई. एखाद्या छोट्या दुकानदाराला पन्नास जोड्या दे, अर्धे पैसे आधी घे.

त्यानं तिसऱ्यांदा ऑर्डर दिली आणि तिकडं स्टॉक ठेव म्हणाला, की मग कंपनीचं बघू. तेव्हापण पैसे पाठवायच्या आधी बँकेतनं परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेचा यूआयएन हा नोंदणी नंबर घ्यायचा. हे त्या सल्लागारानं तुला सांगितलंय का? विचार त्याला.

रविवारी ये, तीन नंबरांच्या जोड्या आण. बाबांनापण घेऊन ये, भाव ठरवताना ते समोर पाहिजेत, एका जोडीला किती दिवस जातात ते त्यांच्याशिवाय कोण सांगणार.

तुझा काका
उद्यमबाग, बेळगाव