पट्टा आवळून दुखणं वाढलं

प्रश्न : आमची ट्रेडमिल तीन वर्षांची आहे, बंद गॅलरीत ठेवलेली. मी आणि मिस्टर रोज अर्धा-अर्धा तास चालतो. दोन महिन्यांपासून पाऊल टाकलं की पट्टा क्षणभर अडखळतो आणि डावीकडे सरकतो. दुरुस्तीवाल्याने दोनदा पट्टा आवळून दिला. आता मागून करकर येते आणि तो म्हणतो, मोटर बदला. जिममधल्या मशिनी दिवसभर चालून टिकतात, मग आमचीच का नाही?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मोटर असते पुढच्या बाजूला आणि करकर येतेय मागून. तेव्हा पैसे तूर्त पर्समध्येच राहू द्या. मी तीस वर्षं सातपूरला लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर काढली. आता निवृत्तीत ओळखीच्यांची मशिनं उघडून बघतो. तुमच्या वर्णनावरून मला मागच्या रोलरचं बेअरिंग, म्हणजे रोलर ज्यावर फिरतो ते गोळ्यांचं कडं, गेल्याचा संशय आहे, आणि ते घालवण्यात त्या आवळण्याचा मोठा हात असावा.

पट्टा अडखळतो तो बहुतेक वेळा खालची फळी कोरडी पडल्यामुळे. घर्षण वाढलं की पाऊल पट्ट्याला दाबून धरतं आणि पुढचा रोलर आतल्या आत घसरतो. यावर औषध सिलिकॉन ऑइल, तेही पट्टा आणि फळी यांच्या मध्ये. रोलरला लागलं तर उलट आणखी घसरेल. आवळलं की चार दिवस बरं वाटतं, पण तो सगळा ताण रोलरच्या दोन टोकांच्या बेअरिंगवर जातो.

जिमच्या मशिनीचं उत्तरही इथेच आहे. घरगुती मशिनीत रोलर ४०-४५ मिलिमीटरचा असतो, जिमच्या मशिनीत त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड. ताशी ६ किलोमीटरने चालताना मिनिटाला १०० मीटर पट्टा सरकतो. त्यासाठी ४२ मिलिमीटरचा रोलर मिनिटाला साधारण ७५० फेरे मारतो, ७६ मिलिमीटरचा फक्त ४२०च्या आसपास. फेरे कमी, तेवढं बेअरिंग जास्त जगतं. जाड रोलरवर पट्ट्याला जास्त पकड मिळते, म्हणून कमी ताणात काम भागतं. शिवाय बारीक रोलरवर पट्टा प्रत्येक फेऱ्यात कचकन मुडपतो. जोडाशी भेगा पडतात त्या त्यामुळेच.

डावीकडे सरकण्याचं म्हणाल, तर जुन्या पिठाच्या गिरणीची पुली आठवा. मधे किंचित फुगीर असायची, म्हणून सपाट पट्टा उतरत नसे. बऱ्याच ट्रेडमिलच्या रोलरलाही तसाच फुगवटा देतात. डोळ्यांना दिसत नाही, पट्टी आडवी धरली की कडेला फट दिसते. फार आवळलं की बारीक रोलर मधे वाकतो आणि फुगवटा असून नसल्यासारखा होतो.

गेल्या श्रावणात गंगापूर रोडच्या एका घरची मशिन उघडली. तीही गॅलरीतलीच, रोज फरशी पुसताना मागच्या टोकाला पाणी जायचं. बेअरिंगचं सील काढलं तर आतलं ग्रीस चहाच्या चोथ्यासारखं, तांबूस आणि कोरडं. एक गोळी तर बोटाने फिरवूनही फिरेना. एका कारागिराने आधी बेअरिंगची जागा सैल झाली म्हणून तिथे पंचचे (टोकदार छिन्नीचे) ठिपके मारून बेअरिंग ठोकून बसवलं होतं. हा जुगाड आठवडाभराचा.

तुम्ही आधी प्लग काढा. पट्टा आवळायचे मागचे दोन्ही बोल्ट सारखे फेरे मोजून सैल करा आणि रोलर हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं समजा. खरखर नसेल तर तेल घाला आणि बोल्ट तेवढेच फेरे घट्ट करा. मग पट्टा मधोमध धरून उचला. दोन-तीन इंच उचलला जायला हवा. मशिन अगदी हळू चालवून बघा. डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, दोन मिनिटं थांबा, मग पुढचा पाव. आणि पट्टा फिरत असताना बोटं, ओढणी, पदर मागच्या टोकापासून लांब.

बेअरिंगच गेलं असेल तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर बाजारात मागा आणि दोन्ही बाजूंची एकदम बदला. बसायची जागा झिजली असेल तर सातपूर-अंबडकडचा कुठलाही बरा टर्नर, म्हणजे लेथवाला, नवा शाफ्ट (रोलरचा दांडा) करून देईल. पंच मारू नका म्हणून मात्र आधीच बजावा.