काजूच्या बागेत रानमांजराची पिल्ले सापडली, तर ती प्राणी उद्यानात द्यावीत का?

बागेची बेणणी (तण-झुडपांची साफसफाई) करताना गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला ठिपकेदार पिल्ले सापडली, ती बिबट्याची समजून उद्यानात पोहोचवावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही, निदान लगेच तरी नाही. कोकणात बिबट्याखेरीज रानमांजर आणि वाघाटीही आढळतात. यांपैकी वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक असून तिचे पूर्ण वाढलेले नर-मादीही साधारण एक ते दीड किलोंचेच भरतात. राखट अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि डोळ्यांपासून कपाळावर गेलेले पांढरे पट्टे, ही तिची खूण.

आई बहुधा शिकारीसाठी गेलेली असते, आणि माणसांची वर्दळ थांबल्यावर, बहुतेकदा रात्री, ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून हलवते. म्हणून काम तेवढ्यापुरते थांबवावे, पिल्लांना हात लावू नये, दूध तर मुळीच पाजू नये (हौसेने पाजलेले गाईचे दूध त्यांना पचत नाही), कुत्री बांधून ठेवावीत आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांसाठी बचाव केंद्र आहे, वाघाटीच्या प्रजननाचाही प्रयत्न तेथे झाला आहे. परंतु माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू शिकार शिकत नाही आणि त्याला पुन्हा रानात सोडणे फार अवघड होऊन बसते. अशा ठिकाणी शाळेच्या सहली जरूर न्याव्यात. पिल्ले मात्र आईकडेच राहू द्यावीत.