‘पोट बिघडलं म्हणून गर्भ रुजला नाही का?’

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) फसलेल्या जोडप्यांकडून अलीकडे हा प्रश्न सारखा ऐकू येतो. हातात बहुतेकदा शौच-तपासणीचा रंगीत रिपोर्ट असतो: ब्युटिरेट कमी, ‘चांगले’ जिवाणू कमी, खाली कॅप्सुलांची यादी. अनेक भेटींतून विणलेली, ओळख पुसलेली ही एक हकिकत.

बाईंचं वय 38. पहिलं ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भाशयात सोडणं) निगेटिव्ह. रिपोर्ट पाहून त्यांनी गहू, दूध, डाळी सगळं सोडलं होतं. दही आणि कॅप्सुलांवर दिवस काढत होत्या. अंडी वाढवणारी इंजेक्शनं सुरू झाल्यापासून रोजचं खाणं लिहिलेली दोनशेपानी वही सोबत.

आधी रिपोर्टचं बघू. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार होतात. त्यांतली सुमारे 95 टक्के आतडं तिथल्या तिथे शोषून घेतं. तपासणीत सापडतं ते उरलंसुरलं. पंगतीत कोण किती जेवलं हे खरकट्यावरून सांगण्यातला प्रकार. या आम्लांचा शरीरातल्या दाहाशी आणि इन्शुलिनशी संबंध आहे. काही जिवाणू तर यकृताने बाहेर टाकलेलं इस्ट्रोजेन सोडवून पुन्हा रक्ताकडे धाडतात. त्यामुळे संशोधकांचं कुतूहल रास्तच. पण कॅप्सूल घेऊन आयव्हीएफनंतर मूल होण्याची शक्यता वाढते, हे सिद्ध झालेलं नाही.

“या वहीतल्या कोणत्या दिवशी चुकलं असं वाटतं?” मी विचारलं.

पानं उलटावी लागली नाहीत. वही तिथेच उघडली. ट्रान्सफरनंतरचा चौथा दिवस. घरचं लग्न, तीन जिलब्या. खाली लाल पेनाच्या दोन रेघा.

“अंडी कधी काढली होती?”

बाईंनी बोटांवर मोजलं. “नऊ दिवस आधी.”

गर्भ न रुजण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे त्यातल्या गुणसूत्रांची चुकलेली संख्या. ती चूक बहुतेक वेळा अंड्यातच होते, आणि या वयात जवळपास निम्म्या गर्भांत सापडते. जिलबी नऊ दिवस मागे जाऊन तिथे पोचत नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाई हळूच म्हणाल्या, “पोटाचा दोष निघाला असता तर निदान दुरुस्त तरी करता आला असता.” सगळी वही या एका वाक्यासाठी लिहिली होती. हातात काहीच नसण्यापेक्षा अपराधी वाटणं परवडतं. म्हणून मी धीर देण्याआधी तारखा मांडते. त्यातून आलेला धीर घरी गेल्यावरही टिकतो.

तेवढ्यात नवरा म्हणाला, “माझ्या तंबाखूचा रकाना कुठंय यात?” शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि तंबाखूने त्यांचं नुकसान होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता खाण्याचं. सोडलेलं सगळं परत आणायचं, पण हळूहळू. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पुरे. ज्वारीच्या 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 6 ग्रॅम, मध्यम पेरूत साधारण 8, वाटीभर मटकीच्या उसळीत 4-5. बाकी भाज्यांतून येतो. चार-पाच दिवसांत एकच पदार्थ वाढवायचा, पाणीही वाढवायचं. एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी सोडून देतो. दही खुशाल खा, पण त्यातले जिवाणू ब्युटिरेट बनवत नाहीत. तुपात ते असतं (सासूबाईंचा प्रश्न!), पण मोठ्या आतड्यापर्यंत पोचायच्या आत शोषलं जातं.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी. इसबगोल तिच्यापासून निदान चार तास लांब, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला देतात ते संप्रेरक) सुरू झालं की बद्धकोष्ठ होतं, तेव्हा चोथा कामी येतो. इंजेक्शनांच्या दिवसांत मात्र अंडाशय सुजलेले असतात, उसळ कमी करा. अंडी काढल्यावर पोट झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर दोष उसळीला देत बसू नका. लगेच डॉक्टरांना फोन.

दुसरं ट्रान्सफर पुढच्या महिन्यात आहे. वहीत आता दोनच रकाने उरलेत: गोळ्यांच्या वेळा, आणि त्याच्या पुड्या. दुसरा रकाना तो स्वतः भरतो.