"सिस्टर, हे कसलं इंजेक्शन आहे?" – हॉस्पिटलमधल्या औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न

17 सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, म्हणून मागच्या अंकात आपण हॉस्पिटलमध्ये दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम सुरू केली होती आणि 2022 चा हा दिवस तर खास याच विषयाला दिला होता, म्हणजे हा काही फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे रोज जे बघते त्यावरूनच उत्तरं देतेय.

प्रश्न : वडिलांना न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं होतं. रात्री सिस्टर आल्या, "बारा नंबर ना?" म्हणाल्या आणि लगेच सिरिंज सलाईनच्या नळीला लावली. मी विचारलं कसलं इंजेक्शन आहे, तर "डॉक्टरांनी लिहिलंय तेच आहे" एवढंच उत्तर. नंतर आई मलाच ओरडली, की असं विचारायचं नसतं, त्या चिडल्या तर बाबांकडे लक्ष देणार नाहीत. माझं काही चुकलं का? – एक वाचक ताई, इचलकरंजी

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. आईंची भीती पण मला समजते, आपला माणूस त्यांच्या हातात असतो ना, पण औषध एकदा शिरेत गेलं की परत काढता येत नाही, त्यामुळे विचारायची वेळ तीच.

आधी त्या "बारा नंबर"बद्दल बोलू. बेड नंबर ही पेशंटची ओळख होऊच शकत नाही. दुपारी बारा नंबरचा पेशंट एक्सरेला जातो, तेवढ्यात खिडकीजवळची जागा रिकामी होते म्हणून त्याला चौदावर हलवतात, फाईल मात्र बाराच्याच खणात राहते आणि संध्याकाळी ड्युटी बदलते, बास, एवढं पुरतं. ओळख पटवायची ती किमान दोन गोष्टींनी, पूर्ण नाव आणि हातातल्या पट्टीवरचा रजिस्ट्रेशन नंबर किंवा जन्मतारीख. आणि नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे फार महत्त्वाचं आहे. "तुम्ही पाटील काका ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारा, तापाने ग्लानीत असलेला माणूस नुसती मान हलवतो, आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील असणं काही नवीन नाही. तेच "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं" म्हटलं की चुकीचा माणूस लगेच लक्षात येतो. पेशंट बोलू शकत नसेल तर पट्टी आणि फाईल शेजारी धरून वाचायची आणि नातेवाईकाला विचारायचं.

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. सगळ्या सिस्टरना हे पाठ असतं, अडचण येते ती रात्री दोन वाजता एकीला पस्तीस पेशंट बघायचे असतात तेव्हा. म्हणून तुमचा प्रश्न त्यांना आडवं लावणारा वाटू न देता मदतीचा वाटेल असा विचारा. "सिस्टर, बाबांना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे, हे त्यातलं तर नाही ना?" असं म्हटलं की त्या पण क्षणभर थांबतात आणि अँप्युलवरचं, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या सीलबंद कुपीवरचं, नाव परत वाचतात, आपल्याला तेच हवं असतं. घरून चालू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर बीपीची गोळी घरची एक आणि हॉस्पिटलची वेगळ्या नावाची तीच, अशी दुप्पट जाते.

अजून एक, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी औषधं खालच्या मेडिकलमधून नातेवाईकच आणतात. मेडिकलवाल्याने "तो ब्रँड नाहीये, हा घ्या, सेमच आहे" म्हटलं तर ते सिस्टरच्या हातात देताना स्पष्ट सांगा की हे बदलून दिलंय. डेओनिल ही शुगरची गोळी आणि डायोव्हॉल हे ॲसिडिटीचं औषध, घाईघाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर ही दोन नावं किती सारखी दिसतात ते स्वतः लिहून बघा. मेडिकल कौन्सिलने 2016 मध्येच डॉक्टरांना सांगितलंय की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता परत विचारायला जावं, मेडिकलवाल्याने पण आणि आपण पण.

आणि आईंना सांगा, महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नर्सिंग होम नियमांमध्ये रुग्ण हक्कांची सनद आहे, आपल्याला काय उपचार चाललेत हे विचारणं त्यात बसतं.

प्रश्न : वडील बरीच वर्षं बाटलीतलं इन्सुलिन घेतात. हॉस्पिटलमध्ये इन्सुलिनचं पेन (आत इन्सुलिनची छोटी नळी, म्हणजे काडतूस, बसवलेलं पेनासारखं इंजेक्शन) चालू केलं. घरी आल्यावर पेन बिघडलं म्हणून भावाने त्यातल्या काडतुसातूनच नेहमीच्या सिरिंजने तेवढंच इन्सुलिन ओढून दिलं, वडील घामाघूम होऊन बेशुद्ध पडले. डोस तर तोच होता? – लातूर

उत्तर : दादा, आकडा तोच होता, इन्सुलिन अडीचपट गेलं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीमध्ये 40 युनिटचं असतं आणि पेनच्या काडतुसातलं 100 युनिटचं. सिरिंज पण दोन वेगळ्या असतात, 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजवर 20 च्या खुणेपर्यंत ओढलं की आत अर्धा मिली येतं. 40 च्या बाटलीतून असेल तर ते 20 युनिट, पण काडतुसातलं 100 चं असेल तर तेच 50 युनिट होतात! उलटं केलं, म्हणजे 40 च्या बाटलीतलं केशरी टोपीच्या सिरिंजने 20 पर्यंत ओढलं, तर जेमतेम 8 युनिट जातात आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात. 100 च्या बाटल्या पण मिळतात, त्यामुळे "बाटली म्हणजे 40" असं पण धरून चालू नका, दर वेळी लेबलवरचा आकडा वाचा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने कधीच ओढायचं नाही, पेन बिघडलं तर डॉक्टरांना फोन करा.

हीच गोष्ट वॉर्डात पण घडते, म्हणून इन्सुलिन हाय रिस्क औषधांमध्ये मोडतं. डॉक्टरांनी "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायला पाहिजे. नुसतं इंग्रजी यू लिहिलं की घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होतात.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून स्टाफ नर्स आहे, जनरल वॉर्ड. मध्यंतरी आमच्याकडे पोटॅशियमचा अँप्युल डिस्टिल्ड वॉटर समजून उचलला गेला, इंजेक्शन बनवताना दुसऱ्या सिस्टरने बघितलं म्हणून वाचलो. रिपोर्ट केला तर मेमो मिळेल म्हणून सगळ्या गप्प बसल्या. मला तेव्हापासून झोप लागत नाही. काय करायला पाहिजे होतं? – नाव देऊ नका

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं गं. आधी हे सांगते की त्या दुसऱ्या सिस्टरने अँप्युलवरचं नाव वाचलं म्हणून एक जीव वाचला, ती गोष्ट लपवायची नाही, सांगायची आहे.

पोटॅशियम क्लोराइडचा आपल्याकडचा अँप्युल 10 मिलीचा, 15 टक्क्यांचा, त्यात 20 मिलिइक्विव्हॅलंट (हे पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम. पाण्यासारखा स्वच्छ, आणि कित्येकदा पाण्याच्या अँप्युलसारख्याच प्लास्टिकमध्ये. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं, सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. म्हणून जगभर एकच साधा उपाय मान्य झालाय, जनरल वॉर्डाच्या ट्रेमध्ये ते ठेवायचंच नाही. आयसीयूत वेगळ्या कुलुपात, मोठं लाल लेबल लावून ठेवायचं, आणि वॉर्डाला लागलं तर फार्मसीतून मिसळून किंवा त्या पेशंटपुरतं मागवायचं. "नीट वाचत जा" असं सर्क्युलर काढून हे थांबत नाही, कारण रात्रपाळीत डोळे थकतातच, अँप्युल जागेवर नसेल तर मात्र थकलेला हात पण चुकत नाही. हे तुझ्या मेट्रनना सांगायचं असेल तर याच शब्दात सांग.

डबल चेक करताना पण लक्षात ठेव, "हे बघ गं, बरोबर आहे ना?" म्हणून दाखवलं तर समोरची "हो" म्हणतेच. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, हिशोब स्वतः करायचा आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम, केमो (कॅन्सरची औषधं) आणि लहान मुलांचे डोस, एवढ्यांसाठी तरी हे कराच. अमेरिकेत 2007 मध्ये अभिनेता डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना 10 युनिटच्या हेपॅरिनऐवजी 10,000 युनिटवालं दिलं गेलं होतं, बाळं वाचली, पण बाटल्या दिसायला सारख्या होत्या आणि चूक एकीच्या नाही, बऱ्याच जणांच्या हाताखालून गेली होती.

फोनवरची ऑर्डर आली तर लिहून घे आणि परत वाचून दाखव. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून "वन फाइव्ह" असं सुटं म्हणून विचार. आणि औषधं काढताना कुणी बोलवलं तर "दोन मिनिटं थांबा" म्हणायची तुला मुभा असायला हवी. सिडनीच्या दोन हॉस्पिटलमध्ये नर्सेसच्या मागे उभं राहून केलेला अभ्यास 2010 साली छापून आला होता, मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांची शक्यता साधारण 12 टक्क्यांनी वाढत होती. आपल्याकडे तर राउंडच्या वेळीच नातेवाईक बिलाचं विचारतात, मावशी चादरीचं विचारतात आणि फोन पण सिस्टरनेच उचलायचा!

आता मेमोची भीती. टेनेसीत 2017 मध्ये एका नर्सने औषधांच्या कपाटाच्या मशीनमध्ये व्हर्सेड हे गुंगीचं औषध शोधताना नावाची पहिली दोन अक्षरं टाकली आणि व्हेक्युरोनियम निघालं, जे स्नायू लुळे करतं, पेशंट गेली. 2022 मध्ये त्या नर्सला कोर्टाने दोषी धरलं, तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. तिने बरेच इशारे न वाचता पुढे केले हे खरं, पण तिने चूक लगेच कबूल केली होती आणि तिकडच्या हजारो नर्सेस म्हणाल्या की मग आता कबूल कोण करेल. मला त्यांचं पटतं. थोडक्यात वाचलेली चूक ज्या हॉस्पिटलमध्ये सांगितली जात नाही तिथे तोच ट्रे तसाच राहतो, पुढच्या सिस्टरसाठी. एनएबीएच (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असेल तर अशा घटना नोंदवणं हॉस्पिटललाच बंधनकारक असतं, तुमच्याकडे क्वालिटीवाले कोण आहेत ते बघ, त्यांच्याकडे नाव न घालता तरी लिहून दे. आणि झोपेबद्दल, एकटीने मनात ठेवू नकोस, त्या दुसऱ्या सिस्टरशी बोल, तिलाही लागत नसेल.

प्रश्न : आजीला राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) आहे, घरी सगळ्या गोळ्या कुटून एकत्र देतो, चालतं का? – धुळे

उत्तर : सगळ्या नाही चालत. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असं काही असेल तर ती गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, कुटली की पूर्ण डोस एकदम. ॲसिडिटीच्या कव्हर असलेल्या गोळ्या पण कुटून उपयोग नाही. डिस्चार्जच्याच वेळी विचारून घ्या, पातळ औषध किंवा दुसरी गोळी बऱ्याचदा मिळते. ज्या चालतात त्या पण एकेक करून, आधी आणि नंतर नळीत पाणी घालून.

प्रश्न : आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्यातून एकदा. मांडीचं हाड मोडलं म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा चार्टवर रोज लिहिलं गेलं, पाच दिवस गेल्या गोळ्या. आता तोंडात फोड आलेत, सगळे म्हणतात उष्णता झालीय. – नाशिक

उत्तर : हे वाचून मी अंक निघायची वाट न बघता तुम्हाला फोन करायला सांगितलं होतं, आता बाकीच्यांसाठी लिहितेय. ही उष्णता नाही. मेथोट्रेक्सेट रोज गेलं तर तोंडाची आणि आतड्याची त्वचा सोलवटते, रक्तातल्या पेशी खाली येतात, ताप येतो आणि जीवावर बेततं. गोळी लगेच बंद, त्याच दिवशी हॉस्पिटल, रक्ताची तपासणी, किडनी लिव्हर बघणं, आणि यावर फोलिनिक ॲसिड म्हणून उतारा आहे तो जितका लवकर तितका चांगला.

हे औषध ज्यांच्या घरात आहे त्यांनी एक वार ठरवा आणि डॉक्टरांना चिठ्ठीवर वार लिहायला सांगा, "फक्त सोमवारी", आणि कशासाठी तेही. फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी बरेचदा सोबत असते, दोन्ही एका डबीत ठेवू नका, अदलाबदल होते. ॲडमिट व्हायची वेळ आली की हाडाच्या डॉक्टरांना, भूलतज्ज्ञांना, सिस्टरना, प्रत्येकाला सांगा, चौथ्यांदा सांगताना कंटाळा आला तरी सांगा.

प्रश्न : चूक झालीच असं वाटलं तर आम्ही नातेवाईकांनी करायचं काय? – पणजी, ठाणे आणि इतर बरीच पत्रं

उत्तर : पहिलं काम पेशंट. आरडाओरडा नंतर, आधी ड्युटी डॉक्टरांना बोलवा आणि विचारा की नक्की काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, कारण उपचार त्यावर ठरतो. मारहाण, तोडफोड केली की खरं सांगणारा माणूसच तिथून निघून जातो, आणि मग हे कधीच कळत नाही. रिकामा अँप्युल, बाटली, सलाईन फेकू देऊ नका, लेबलचा फोटो घ्या. लेखी अर्ज देऊन रेकॉर्ड मागा, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ते 72 तासांत मिळायला हवं. हॉस्पिटलने दाद दिली नाही तर महाराष्ट्रात शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग आणि बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक, यांच्याकडे तक्रार करता येते. आणि औषध बरोबर दिलं होतं तरीही त्रास झाला असं असेल तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) टोल फ्री नंबर आहे, 1800-180-3024, तिथे पेशंट किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात. फोन करताना औषधाचं नाव आणि बॅच नंबर हाताशी ठेवा, स्ट्रिप कापताना बॅच नंबरचा कोपरा शेवटपर्यंत राहू द्या.